माझ्या पोटातला झेंडू

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी एक कळ निखळली आहे, आणि चार्जर काढला की मी लगेच डोळे मिटतो. तरी माझं ऐका, कारण माझ्या अंगणात झेंडू फुलला आहे.

माझी उमेदीची वर्षं रांजणगावच्या एका कारखान्यात आकडेमोडीत गेली. तिथं मला मान होता. मग नवा लॅपटॉप आला आणि मी कपाटात धूळ खात पडलो. तिथंच कामाला असलेल्या महेंद्रमामांनी मला उचललं आणि कवठे येमाई गावी आपल्या भाचीला, मोनालीला दिलं. घर माळ्यांचं, मळा झेंडू-शेवंतीचा. मोनाली लग्नाचे मांडव फुलांनी सजवायची.

शिरूरच्या एका मंगल कार्यालयाचे मालक रोहिदासआप्पा तिला म्हणाले, "पोरी, तुझं काम उद्या सांजंपर्यंत फोनवर दाव. मग लगीनसराईचं काम तुला द्यायचं का ते बघू."

मोनाली माझ्यावरच व्हिडिओ बघून वेबसाइट बनवायला शिकत होती. कोड लिहिताना एखादा कंस राहिला की सारं पान विस्कटायचं. सुटलेला गजरा ओवावा तशी ती ते पुन्हा ओवायची. अखेर माझ्या पडद्यावर तिचं नाव झळकलं. खाली मांडव, तोरणं, नवरीची गाडी. मीही उजळलो!

तिनं पान इंटरनेटवर चढवलं आणि सिंधूआत्याच्या फोनवर उघडलं.

"अगं, नाव हाय, नंबर हाय, पन फुलं कुठं हायती? नुसत्या रिकाम्या चौकटी!"

"लॅपटॉपवर तर दिसत्यात की, आत्या!"

"मग जा आप्पांच्या दारात, लॅपटॉप डोक्यावर घिऊन! टेंपो गेला बाजाराला आन् फुलांचे क्रेट ऱ्हायले मळ्यात, तसली गत तुझी."

मोनाली हसता हसता थबकली. फोटो माझ्या पोटात होते, आणि पानावर तिनं त्यांचा पत्ताही माझ्याच पोटाचा दिला होता. मला ते दिसत होते. जगाला कसे दिसावेत? तिनं सारे फोटो पानासोबत वर पाठवले, पत्ते बदलले. आत्याच्या फोनवर झेंडू फुलला.

मोनालीनं पानाची लिंक आप्पांना धाडली आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांचा फोन आला. "ते शेवंतीचं तोरण कुणी बांधलं गं?"

"मीच, आप्पा."

"मग तुळशीचं लगीन झालं की पयला मांडव तुझा."

मित्रांनो, जुन्या यंत्राला कपाटात टाकू नका. मऊ फडक्यानं पुसा, कामाला लावा. पण तुमची फुलं माझ्या पोटात कोंडू नका. फूल झाडावर उमलतं, पण दरवळतं वाऱ्यावर.

आता मोनाली मांडवाला निघाली की माझ्या झाकणावर एक झेंडू ठेवून जाते.