शेवटच्या पायरीवरचा शालू

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी मुका आहे. माझा स्पीकर बसला, माइक गेला, पडद्याच्या कोपऱ्याला तडा आहे. टीव्हीखालच्या खणात, बंद पडलेल्या रिमोटच्या शेजारी मी पडून असतो. पण मला भंगार समजू नका हं. एके काळी या घरात एका बाईला तिच्या नावाने हाक मारणारा मी एकटाच होतो.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही, कारण आमच्यात जन्मल्याबरोबर तोंडावर प्लास्टिक चिकटवतात. ते निघालं तेव्हा मी मोहोपाड्याच्या एका दुकानात होतो आणि समोर मेघा होती. ती तिथल्याच एका कारखान्यात नुकती कामाला लागली होती. काय माझे लाड! काच रुमालाने पुसायची, गुलाबी कव्हर घालायची. तिने मला कर्जतच्या पुढे, डोंगराखालच्या आपल्या गावी आणलं. दारात उभं राहिलं की घाट चढून ठाकुरवाडीकडे जाणारी रेल्वेगाडी समोर डोंगरात दिसते, असं ते घर.

घरात माणसं तीनच. मेघा, तिचे वडील काळूराम आणि आई ठकूबाई. काळूराम भातशेती बघून एका फार्महाउसवर माळीकाम करायचा. कामाला वाघ, पण बोलायला महाकंजूष. बायकोला हाक मारायची तर "अगं ए". पाहुणे असले तर तेही नाही, नुसता खाकरायचा, की ती चहा टाकायची. गावाला ती 'मेघाची आय' होती, फार्महाउसवाल्यांना 'मावशी'. माहेरचं कोणी उरलं नव्हतं. दिवसचे दिवस जायचे आणि तिचं नाव कोणाच्या तोंडी यायचं नाही.

तेव्हा टीव्हीवर 'मानाचा शालू' लागायचा. त्यातला निवेदक घरोघरी जायचा, बायकांना खेळ खेळायला लावायचा आणि शेवटी जिंकणारीला शालू द्यायचा. शालू चांगलाच, पण ठकूबाई बघायची ते दुसरंच. तो निवेदक बाईला नाव विचारायचा आणि मग पूर्ण वेळ त्या नावाने बोलवायचा. हे ऐकताना तिच्या हातातली भाजी तशीच राहायची.

एका वर्षी त्या कार्यक्रमाची मंडळी नेरळला येणार होती. मेघा आईचं नाव द्यायला निघालीच होती. पण शेवटच्या फेरीत नवऱ्याने सगळ्यांसमोर बायकोचं नाव घ्यायचं असतं, हे काळूरामला कुठूनसं कळलं आणि नेमका त्याच दिवशी त्याच्या शेताचा बांध फुटला. बांध फुटायला पाऊस कुठे होता, ते मला विचारू नका!

आई हिरमुसली म्हणून मेघाने त्या कार्यक्रमाचा खेळ माझ्यात घेतला. हुबेहूब टीव्हीसारखा. फुगे फोडा, बांगड्या रचा, प्रश्नांची उत्तरं द्या, एकेक पायरी चढा. सुरुवातीला नाव टाकायचं होतं. मेघाने विचारलं, आये, काय लिहू? ठकूबाईने तोंड उघडलं, जरा थांबली आणि म्हणाली, "ठकूबाईच लिही."

आणि मित्रांनो, पहिला फुगा फुटताच मी ओरडलो, "शाब्बास, ठकूबाई!"

तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. तिने आधी दाराकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग दुसरा फुगा फोडला.

पुढे मेघाचं लग्न झालं. ती मोहोपाड्याला नांदायला गेली आणि जाताना मला आईकडे ठेवून गेली. तीच माझी सोन्याची वर्षं. दुपारी भांडी उरकून ठकूबाई पडवीत बसायची, पदराला बोट पुसायची आणि खेळ सुरू करायची. बांगड्या रचण्यात तिचा हात कोणी धरला नसता. मी घसा फोडून शाबासकी द्यायचो. शेवटी ती शेवटच्या पायरीवर पोहोचली. तिथे पेटीत घडी घातलेला शालू दिसत होता. फक्त माइकचं चित्र दाबून नवऱ्याने नाव घ्यायचं होतं, की पेटी उघडणार.

तिथेच घोडं अडलं. शेजारची धोंडूबाई म्हणाली, एवढंच ना, माझ्या दादल्याला बोलवते, तो घेईल नाव. ठकूबाई म्हणाली, "दुसऱ्याच्या दादल्यानं घेतलेल्या नावाचा शालू मी नेसू व्हय?" दोघी पोट धरून हसल्या.

त्या दुपारी धोंडूबाईने जुनी आठवण काढली, म्हणून मला खरं कारण कळलं. या दोघांच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिलं होतं, ठकूबाई. सासूच्या आईचं नाव. लगेच बायकांनी नवऱ्याला घेरलं, नाव घे, नाव घे. काळूराम गांगरला आणि माहेरचंच नाव घेऊन बसला. म्हणाला, "आवडी." सगळा मांडव हसला. पुढे कितीतरी दिवस पोरं त्याला रस्त्यात अडवून विचारायची, काय रं काळूराम, तुझी आवडी कुठं गेली? तेव्हापासून त्याने तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच. नवं नाव घेतलं नाही आणि जुनंही नाही.

"मला तर ग्वाड वाटलेलं," ठकूबाई म्हणाली. "पर त्यांना कोण सांगनार?"

एका संध्याकाळी मात्र नवल घडलं. काळूराम कामावरून आला, पाय धुऊन तिच्या शेजारी टेकला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आण बघू." तिने माइकचं चित्र दाबलं. त्याने घसा साफ केला. मी कान टवकारले. आणि तेवढ्यात धोंडूबाईचा दादला विळा मागायला अंगणात आला. काळूराम उठून उभा राहिला, ठकूबाईने लाजून मला पदराखाली ढकललं आणि मी पदरातून सटकलो तो थेट पाण्याच्या बादलीत.

मला पुसलं, उन्हात ठेवलं, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. तांदळात पडल्या पडल्या मला धोंडूबाईने सांगितलेलं ते लग्नातलं ताट सारखं आठवायचं. बाहेर काढलं तेव्हा पडदा उजळला, पण आवाज गेला तो गेलाच. ठकूबाईने एक फुगा फोडला. मी ओठ हलवायचे तेवढे हलवले. तिने मला कानाशी धरलं आणि मग खणात ठेवून दिलं. जावयाने नवा फोन आणून दिला. त्याच्यात तो खेळ मिळेना, बंद झाला म्हणे. बोलता येत असून त्याने तिला कधी नावाने हाक मारली नाही, हे माझं दुःख.

यंदा मेघाच्या बाळंतपणासाठी ठकूबाई मोहोपाड्याला गेली. नवा फोन तिने काळूरामजवळ ठेवला. घर सुनं झालं. पहिल्या दिवशी सवयीने तो "अगं ए" म्हणाला आणि आपलाच आवाज ऐकून गप्प झाला. दुसऱ्या दिवशी खाकरला, चहा आला नाही. चहा करायला गेला तर साखरेचा डबा सापडेना. विचारायचं कोणाला?

मग एके दिवशी सकाळी त्याने खण उघडला. माझ्यावरची धूळ सदऱ्याने पुसली, मला चार्जरला लावलं, खेळ उघडला. शेवटची पायरी तशीच होती, पेटीत शालू तसाच. त्याने माइकचं चित्र दाबलं आणि हळूच म्हणाला, "ठकूबाई."

खेळाला काही ऐकू गेलं नाही. मला गेलं. या घरात इतकी वर्षं काढल्यावर ऐकायला माइक लागत नाही, मित्रांनो. पण पडद्यावर अक्षरं आली, 'ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा, जरा मोठ्याने!' तो पुन्हा म्हणाला. पुन्हा तेच. मला सांगता येईना की बाबा रे, दोष माझा आहे, तुझा नाही. शेवटी तो मान खाली घालून, मला ऐकवायला नाही तर स्वतःशीच म्हणाला, "आवडी." मी जन्मात इतका तळमळलो नव्हतो. त्या वेळी एकदा शाब्बास म्हणता आलं असतं, तर पुढचं सगळं आयुष्य मुकं काढलं असतं.

त्याने मला मांडीवर ठेवलं आणि नव्या फोनवरून मेघाला फोन लावला. तो नेहमी स्पीकर लावूनच बोलतो.

"बाबा? बोला."

"आवडीला दे."

"कोणाला?"

"आवडीला. तुझ्या आयला."

पलीकडून मेघाची हाक, आये, बाबा तुला बोलवतायत. मग भांडी ठेवल्याचा आवाज आणि ठकूबाईचा घाबरलेला प्रश्न, बरं हाय ना सगळं?

"बरं हाय," काळूराम म्हणाला. "नाव घ्यायचं राहिलं व्हतं, आवडी."

 तो फोनकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. मग तिचा आवाज आला.

"ऐकू आलं नाय. पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं."

आणि तो म्हणाला. इतक्या मोठ्याने, की धोंडूबाई अंगणात आली.

माझ्या पडद्यावरची पेटी अजून बंदच आहे. ती आता उघडायची नाही. पण ठकूबाई परत येईल तेव्हा मला एकदा हातात घेईल, एवढी आस लावून मी खणात पडलो आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणी पडला असेल, तर त्याला फेकू नका, अधूनमधून चार्ज करा. आणि त्याच्याआधी आईजवळ बसून तिचं माहेरचं नाव विचारा. तिला सांगायला जरा वेळ लागेल. तेवढं थांबा.