पाठीवरचं नाव

"बूट बाहेर काढ. फरशी आत्ताच पुसलीय," ओदिल दारातूनच म्हणाली.

तिएरीने शेवंतीची कुंडी सांभाळत कसेबसे बूट काढले. बहिणीने ती कुंडी काही हातात घेतली नाही.

"ती बाबांच्या कबरीवर ठेवायची असते, माझ्या डोक्यावर नाही."

"जेवण झालं की जाऊ की दोघं."

"मी सकाळीच जाऊन आले. तू एकटा जा. वाट विसरला असशील तर फाटकाशी विचार कोणालाही."

मृतांच्या स्मरणाचा दिवस म्हणून सगळं बझाँसाँ शहर शेवंत्या घेऊन कबरस्तानाकडे निघालं होतं. तिएरी मात्र पॅरिसहून आला होता तो घड्याळासाठी, आणि हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

पॅरिसच्या एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची, हाच त्याचा जन्मभराचा धंदा. लग्न केलं नाही, गाडी घेतली नाही, उन्हाळ्यात सारा देश समुद्रावर जातो तेव्हाही हा खोलीतच. सगळी कमाई त्याने व्होक्लेरच्या चरणी वाहिली. व्होक्लेर म्हणजे राण्यांचे मुकुट घडवणारी जुनी जवाहिऱ्यांची पेढी. ती घड्याळंही करते, पातळ, चौकोनी, रोज किल्ली द्यावी लागणारी. अशी पाच घड्याळं त्याच्या कपाटात होती. ती तो घालत नसे. घातली तर ओरखडे पडतील ना!

असल्या माणसांचं मंडळही असतं. महिन्यातून एकदा हॉटेलात जमायचं, टेबलावर मखमल पसरायची आणि दुसऱ्याच्या घड्याळात खोट काढायची. तिथे वकील, दंतवैद्य, एक निवृत्त राजदूत. भिंगं घासणारा तिएरी कोपऱ्यातल्या खुर्चीवर असे. पण हल्ली संग्राहकांचं वारं फिरलं होतं. पूर्वी घड्याळाच्या पाठीवर मालकाचं नाव असलं की नाकं मुरडायची तीच मंडळी आता नावासाठी जीव टाकत होती. नाव हवं, त्यामागे गोष्ट हवी. आणि तिएरीच्या बापाच्या घड्याळाला दोन्ही होतं. मार्सो जानँग्रोने एका श्रीमंत बाईची मोटार आयुष्यभर हाकली. तो निवृत्त झाला तेव्हा बाईने सोन्याचं व्होक्लेर दिलं, पाठीवर कोरून: 'मार्सोला, इतक्या रस्त्यांबद्दल.' तिएरीने मंडळात हे सांगताच राजदूत म्हणाला होता, "घेऊन या. माझ्या शेजारी बसा." त्या शेजारच्या खुर्चीची तिएरीला स्वप्नं पडत होती.

ओदिलने सॉसेज आणि उकडलेले बटाटे वाढले. चीजचं भांडं तिने स्वतःपुढेच ठेवलं.

"घड्याळ कुठाय?" तिएरीने विचारलं.

"आधी घास तरी गिळ. बाबा अंथरुणावर होते तेव्हा किती वेळा आलास रे?"

"दुकानातून सुट्टी मिळत नव्हती."

"फोन करायला मिळत होती ना! 'घड्याळाला पाणी लागू देऊ नका. उन्हात ठेवू नका.' बाबांना काय हवं-नको ते एकदा तरी विचारलंस? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा तू!"

"तुला घर मिळालं. मी एक शब्द बोललो?"

"घर मिळालं? बाबांचं हगणंमुतणंही मिळालं. त्यातलं अर्धं द्यायचं राहिलंय तुला."

"ओदिल, घड्याळ माझं आहे. बाबांनी मला देतो म्हटलं होतं."

ती उठली, फडताळातून एक डबी आणली आणि टेबलावर पावाच्या चुऱ्यात आपटली. "घे. गिळ."

तिएरीने आधी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं, मगच डबी उघडली. घड्याळ लखलखत होतं. त्याने ते झटकन भिंगाजवळ नेलं.

"कडा! कडा कुठे गेल्या? साबणाच्या वडीसारखं झालंय हे! पॉलिश केलं कोणी?" त्याने घड्याळ उलटं केलं. पाठ कोरी होती. "नाव कुठाय?"

ओदिल बटाटा कुस्करत राहिली.

"तू केलंस! जळतेस म्हणून केलंस. अडाणी, मूर्ख बाई, काय घालवलंस कळतंय का तुला? हे आता कोणी हातात धरणार नाही!"

"मी नाही केलं," ती म्हणाली. "बाबांनी केलं."

"खोटं!"

"तुला सांगू नको म्हणाले होते. नसतंच सांगितलं. पण तू मला मूर्ख म्हणालास, आता ऐक. एका नाताळात सगळे जेवायला बसले होते. तू घड्याळ हातात घेऊन म्हणालास, 'पाठीवर हे ड्रायव्हरचं नाव नसतं, तर शोभलं असतं.' आठवतंय?"

तिएरीला आठवत नव्हतं. असं तो त्या काळी पुष्कळदा बोलत असे.

"बाबा तेव्हा हसले. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मला म्हणाले, सोनाराकडे ने. चाकाच्या खुर्चीवरून नेलं. सोनारही नको म्हणत होता, मी तर दुकानातच भांडले. बाबांनी ऐकलं नाही. म्हणाले, 'खरवडून काढा. माझ्या पोराला बिननावाचं आवडतं. आणि चकचकीत करा, नवं दिसू दे.' समोर बसून बघितलं सगळं. घरी येताना खूश होते. म्हणाले, 'आता घालेल तो.'"

तिएरीने भिंग डोळ्यावरून काढलं. ते ताटलीशेजारी ठेवलं. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण बहिणीपुढे रडण्याचा हक्क आपण कधीच घालवला आहे, हेही त्याला कळत होतं.

"एका ओळीत होतं का दोन?" त्याने विचारलं.

"काय?"

"बाबांचं नाव. वरच्या ओळीत नुसतं नाव होतं, की सगळं एकाच ओळीत?"

"तूच सांग. संग्राहक तू."

ओदिल ताटल्या उचलून मोरीकडे गेली आणि तिने नळ सोडला. तिएरी घड्याळाच्या पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवत राहिला, वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे, सावकाश. नख कुठेच अडकलं नाही.