यादीत नसलेलं यंत्र

मुलं मला कर्कटक म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येतं. सव्वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला याहून गोड नाव मिळायचं नाही, आणि गोड नावाची मला हौसही नाही.

मोठ्या गणिताच्या वर्गाला मी पहिल्याच दिवशी यादी देते. वह्या, पट्टी, आणि आलेख काढणारा कॅलक्युलेटर: एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा. कारण मी शिकवते ते बटणांच्या जागांवरून. "वरून तिसरं, उजवा बाण, मग खालचं मोठं." तीस अंगठे एकदम दाबतात आणि तीस पडद्यांवर एकच रेघ उमटते. ते बघताना मला फार बरं वाटतं.

एका वर्षी मधल्या सुट्टीत एक घड्याळजी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. कोपऱ्यावर दुकान आहे, घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच राहिलं होतं. माझ्या वर्गातली त्याची मुलगी मागे उभी होती.

"बाई, यादीतलं मिळालं नाही," तो म्हणाला. "हे त्याच्याआधीचं मॉडेल आहे. बंद पडलेलं होतं, मी उघडून नीट केलंय. आलेख काढतं. चालेल का?"

मी पेपर तपासत होते. मान वर केली नाही.

"चालेल."

"नक्की ना, बाई?"

"चालेल म्हटलं ना."

तो आभार मानून गेला. त्याच्या अंगठ्याचा तेलकट डाग माझ्या टेबलाच्या कडेला राहिला आणि तो पुसताना मी वैतागले, एवढं मला स्वच्छ आठवतं. पुढे त्या आठवणीचं मी काय केलं तेच सांगायचं आहे.

दुसऱ्या दिवसापासून पंचाईत सुरू झाली. मी "वरून तिसरं" म्हटलं की तिच्या यंत्रावर भलतंच उघडायचं. वर्ग पुढे, ती मागे. एकदा तर तिचं यंत्र मध्येच टीटी करून वाजलं आणि सगळे खदखदून हसले. मीही हसले. "घड्याळजीकडचं आहे, गजर लावला असेल," असं वर म्हणाले. ती खाली बघत बसली. हे यंत्र आपणच पास केलंय हे मला तेव्हा सांगता आलं असतं. पण चूक कबूल करायची म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

दोन आठवड्यांत मात्र ती मागे पडेनाशी झाली. यंत्राच्या कव्हरमध्ये बापाने शिवून दिलेली तळहाताएवढी वही असायची. त्यात बघायची आणि दाबायची. पुढे वहीही बघेना. आलेख कसा येणार ते आधी कागदावर काढायची आणि मग यंत्र काय म्हणतंय ते बघायची. असं माझ्या वर्गात कोणीच करत नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग टॅनचा दिवस आला. टॅनचा आलेख नव्वद अंशांपाशी पार वर निघून जातो आणि पलीकडे खालून पुन्हा उगवतो. आमच्या यंत्रांवर मध्ये एक उभी रेघ दिसते. "ही उभी रेघ आलेखात काढायला विसरू नका," मी दरवर्षीप्रमाणे म्हणाले.

"बाई, तिथे रेघ नाहीये," ती म्हणाली. "यंत्र शेजारशेजारचे ठिपके जोडतंय. माझं जोडत नाही, नुसते ठिपके दाखवतं. नव्वदला किंमतच नाही, मग रेघ कुठून येईल?"

तीस माना माझ्याकडे वळल्या. तिचं बरोबर होतं. मीही कॉलेजात हेच शिकले होते. बटणं शिकवता शिकवता विसरून गेले होते. तिच्या आवाजात खोचकपणा नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "बस खाली," एवढंच मी म्हणाले. त्या दिवसापासून ती मुलगी माझ्या डोळ्यांत खुपू लागली.

वार्षिक परीक्षेत साठ गुण मिळाले तरच पुढच्या वर्षी मोठं गणित मिळतं, आणि मोठं गणित असलं तरच यंत्रशाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसता येतं. तिला तिथेच जायचं होतं. वर्गातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

परीक्षेच्या सकाळी आमच्याकडे एक रिवाज आहे. सगळे कॅलक्युलेटर माझ्या टेबलावर येतात आणि कोणी आत सूत्रं साठवून आणू नयेत म्हणून एकेकाची मेमरी मी माझ्या हाताने पुसते. मुलं त्याला आंघोळ म्हणतात. मुख्याध्यापक शेजारी उभे असतात. मी पुसते, पोरगं यंत्र उचलतं आणि जागेवर जातं.

तिची पाळी आली. मी यंत्र हातात घेतलं आणि म्हणाले, "हे यादीत नाही. याची मेमरी पुसली गेली की नाही हे मी सांगू शकत नाही."

"बाई, तुम्हीच चालेल म्हणाला होतात."

"बाई?" मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही परवानगी दिली होती का?"

तेलकट डाग माझ्या डोळ्यांसमोर होता.

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

ती रिकाम्या हाताने जागेवर जाऊन बसली. पेपर नऊला सुरू झाला.

नऊ वीसला मी, नुसता चाळा म्हणून, तिच्या यंत्राचं कव्हर उघडलं आणि वही काढली. पहिल्या पानावर बारीक, सरळ अक्षरात एवढंच होतं: 'मंगळवार, सात तारीख. बाईंना यंत्र दाखवलं. बाई म्हणाल्या, चालेल.' दुसऱ्या पानापासून बटणं होती. 'बाई म्हणतील: वरून तिसरं. आपलं: खालून दुसरं, मग डावा बाण.' अशी चाळीस पानं. माझं सगळं वर्ष त्या माणसाने दुकानात बसून आपल्या यंत्रावर उतरवून घेतलं होतं.

बाराला अजून दोन तास चाळीस मिनिटं होती. तिचा बाक माझ्यापासून सहा पावलांवर होता. उठून यंत्र तिच्यापुढे ठेवायचं, 'आठवलं मला' म्हणायचं, संपलं. मी पहिलं पान सावकाश, आवाज न करता फाडलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

पेपर मीच तपासले. शेवटच्या प्रश्नात दोन वक्ररेषा कुठे छेदतात ते तीन दशांश स्थळांपर्यंत विचारलं होतं. तिने दोन्ही हाताने काढल्या होत्या, पुस्तकात छापाव्यात अशा, आणि उत्तर लिहिलं होतं: सुमारे १.३. खरं उत्तर १.३१८. पद्धतीचे चार गुण देता आले असते. मी शून्य दिलं. तिची बेरीज सत्तावन्न झाली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण बेरीज मी बदलली नाही.

निकालानंतर बापलेक यंत्र न्यायला आले. तो भांडेल म्हणून मी चार वाक्यं तयार ठेवली होती. तो भांडला नाही. त्याने वही उघडली आणि कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं. शिलाईत अडकलेली फाटक्या कागदाची कड त्याने निरखून बघितली. मग मला बघितलं, भिंग तसंच ठेवून. मी खिडकीकडे तोंड केलं.

"बाई, पुढच्या वर्षी ती साध्या गणिताला बसेल," तो म्हणाला. "तिथे हे यंत्र चालेल का?"

"तिथे कॅलक्युलेटर लागतच नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

मुलगी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होती. घड्याळजीने वही माझ्यापुढे सरकवली, जिथलं पान फाटलं होतं तिथेच उघडून, आणि खिशातलं पेन पानावर ठेवलं.

"मग तेवढं लिहून द्या," तो म्हणाला. "या वेळी तुमच्या हाताने."

मी लिहिलं: 'लागत नाही.' अक्षर वाकडं आलं. त्याने वाचलं.

"तारीख घाला, बाई," मुलगी म्हणाली.