डोंगरच्या देवाच्या नावानं

"डोंगरच्या देवाच्या नावानं," मुक्ताबाई म्हणाली आणि बाकीच्या बायकांनी "चांगभलं" म्हणत ती भली थोरली कढई चुलीवर चढवली.

डॉक्टरीणबाई पुण्याहून नव्यानंच वडूजला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुठला डोंगर? कुठला देव?"

"ज्योतिबा," बनुबाई कांदा चिरता चिरता म्हणाली. "पर तिला त्ये नाव घेता येत न्हाई. तिच्या मालकाचं नाव त्येच हाय."

मुक्ताबाई गालात हसली आणि रवा निवडायला बसली.

आमच्या सेवा क्लबाचा नाष्टा दर सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झालं की असायचा. तिकीट लावून उप्पीट, शिरा आणि चहा. जमेल ते तालुक्यातल्या जवानांच्या घरांना जायचं. क्लबात डॉक्टर, वकील, आडते आणि माझ्यासारखे कापडवाले. आदल्या दिवशी शाळेच्या मैदानात मांडव पडायचा, तिथं आम्ही एकमेकांना सूचना द्यायचो आणि खरं काम बायका करायच्या. गंमत अशी, की ज्यांच्यासाठी नाष्टा, त्यांच्याच घरच्या बायका रवा भाजायला. एकदा हे मी बैठकीत बोललो, तेव्हापासून मांडवाचे दोर बांधायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मुक्ताबाईचा नवरा ज्योतिबा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. तारेत तेवढाच शब्द होता, आणि तो मुक्ताबाईनं घट्ट धरला. कुणी सांत्वनाला आलं की ती म्हणायची, "पत्ता न्हाई म्हंजी मानूस न्हाई, आसं कुटं हाय?" नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आईनं शिकवलेलं. आधी ती ते चारचौघींसारखं पाळायची, पण तार आल्यापासून फारच जपायला लागली. दिव्याच्या ज्योतीलासुद्धा ती 'उजेड' म्हणायची. चैत्रात यात्रेला गेली आणि सगळा डोंगर त्या नावानं दणाणत असला, तरी हिचं आपलं 'डोंगरच्या देवाच्या नावानं'. बायका थट्टा करायच्या, तीही हसायची, पण चुकूनही नाव निसटायचं नाही. मला ते वेड वाटायचं. आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. माझी बायको गेली तेव्हा मला असं धरून ठेवायला काहीच उरलं नव्हतं.

त्या पंचवीस जानेवारीला दुपारी आमचे सेक्रेटरी नानासो वकील आले. लढाईत कामी आलेल्या तालुक्यातल्या जवानांची नावं कोरलेली संगमरवरी फरशी क्लबानं करून घेतली होती. दुसऱ्या दिवशी नाष्ट्याआधी तिचं अनावरण होतं. नानासो माणूस चांगला, पण कोर्टात बोलायची सवय असल्यामुळं साधं बोलताना अडखळायचा.

"मुक्ताबाई, शेवटची ओळ मोकळी ठेवलीय. पाथरवट अजून इथंच आहे. तुम्ही म्हणाल तरच हं. पण सात वर्षं झाली. आता कायद्यानंसुद्धा..."

"कायद्याला काय वो, सायेब," मुक्ताबाई शांतपणे म्हणाली. "त्येला कुटं रोज सांजच्याला ताट झाकून ठिवाय लागतंय?"

नानासोंनी मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "थांबा वाईच. इचारून येती."

कुणाला विचारणार, ते कुणालाच कळेना. तिनं चहाचा कप भरला आणि ती पाण्याच्या पिंपांकडं निघाली.

तिथं हंबीरराव पाणी भरत होता. ज्योतिबाच्याच गावचा आणि त्याच्याच पलटणीतला. एक पाय अधू होऊन तो परत आला होता. नाष्ट्याचं पाणी दरवर्षी तोच भरायचा, पण मुक्ताबाई जिथं असेल तिथून लांबच राहायचा. मी शेजारच्याच खांबाला दोर आवळत होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"भावजी."

"बोला, वयनी."

"तुमी हुता तितं. मी कवाच इचारलं न्हाई."

"न्हाई इचारलं."

"आजबी इचारत न्हाई. येवढंच सांगा. दगडावर नाव घालू द्यावं का?"

हंबीररावानं कप पिंपाच्या झाकणावर ठेवला. टोपी काढली, पुन्हा घातली. तिच्याकडं न बघता म्हणाला, "घालू द्या, वयनी."

शाळेच्या छपरावर कबुतरं घुमत होती.

"लय तरास झाला का त्यास्नी?"

"न्हाई. लगीच."

"बरं," मुक्ताबाई म्हणाली. मग तिनं तो कप उचलला. "च्या गार झाला की. दुसरा आनती."

आणि खरंच तिनं दुसरा आणून दिला. मला रडू आलं. खांबाला मिठी मारल्यासारखा उभा राहून मी उगाच गाठी मारत बसलो.

"घाला नाव," ती नानासोंना म्हणाली. पाथरवटाला नाव बनुबाईनं सांगितलं, कारण दरवेळी कुणीतरी दुसरंच ते सांगायचं. मग संध्याकाळपर्यंत शाळेच्या मागून छिन्नीचा आवाज येत राहिला, आणि इकडं मुक्ताबाई रवा भाजत राहिली. बनुबाईनं दोनदा उलथनं मागितलं. तिनं दिलं नाही.

सव्वीसच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. झेंडा वर गेला, फरशीवरचा पडदा सरला, टाळ्या झाल्या. मुक्ताबाई तिकडं आली नाही, ती चुलीपाशीच होती. कपाळावरचं कुंकू कालच्याइतकंच मोठं होतं. ते पुसायला सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

पाहुणे पंगतीला बसायला लागले. शिऱ्याची कढई उतरवायची वेळ झाली. चौघी बायकांनी फडकी घेऊन कडा धरल्या आणि नेहमीसारखं मुक्ताबाईच्या तोंडाकडं बघितलं, तिनं सुरुवात करावी म्हणून.

"ज्योतिबाच्या नावानं," मुक्ताबाई म्हणाली.

मोठ्यानं नाही, पण स्वच्छ. प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

एकीच्याही तोंडून 'चांगभलं' निघालं नाही. पिंपापाशी उभा असलेला हंबीरराव तोंड फिरवून भिंतीकडं बघायला लागला. कढई तशीच चुलीवर होती आणि खाली जाळ चांगला पेटलेला होता.

मुक्ताबाईनं हातातलं फडकं पुन्हा नीट धरलं.

"म्हना की गं," ती म्हणाली. "शिरा खाली लागंल."