आधी ओळखा, मग उघडतो

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. पोटाला एक पोचा आहे, झाकणही आताशा जरा तिरके बसते, पण एवढ्यावरून मला मोडीत काढू नका. सुरतेच्या एका शाळेतला अख्खा तिसरीचा वर्ग एके काळी माझ्या आवाजाकडे कान लावून बसत असे. तेव्हा थोडी ऐट करायचा हक्क मला आहेच.

माझा जन्म खानदेशात पारोळ्याला झाला. तिथल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केले. त्या वेळी मला त्याचा फार राग आला होता. पण शेवटी त्याने माझे झाकण लावले, मला उलटे धरून हलवले आणि झाकण पडले नाही म्हणून तो स्वतःशीच हसला. माझा राग तिथेच पळाला. पुढे मीराबाईंच्या लग्नात मी भांड्यांबरोबर त्यांच्या सासरी आलो.

वर्षभर मी फळीवर बसून असायचो. माझे दिवस यायचे ते भाद्रपदात. आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत राहते. रोज संध्याकाळी मुली घरोघर जाऊन तिची गाणी म्हणतात. गाणी संपली की घरची मुलगी खाऊचा बंद डबा मध्ये आणून ठेवते. आलेल्या मुलींनी तो कानाशी धरून हलवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचे. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. घरच्या मुलीने आपणहून उघडले तर सगळी मजाच गेली! मीराबाईंची शकू या बाबतीत भलतीच पक्की होती. मुली कितीही मागे लागल्या तरी ती माझ्या झाकणावर हात दाबून बसायची.

एकोणीसशे सदुसष्ट साली शकूच्या वडिलांना, भटूला, सुरतेला उधन्यात मागावर काम मिळाले. आम्ही सगळे गाडीत बसून निघालो. माझ्या पोटात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. शकू तेव्हा आठ वर्षांची होती.

मराठी शाळा लांब, रेल्वेच्या फाटकापलीकडे होती. म्हणून शकूचे नाव जवळच्या गुजराती शाळेत तिसरीत घातले. आणि मित्रांनो, आमच्या बडबड्या शकूची तिथे बोलतीच बंद झाली. घरी तिची अहिराणी, पुस्तकातली मराठी, आणि इथे तिसरेच काहीतरी. चुकले तर मुली हसतील या भीतीने ती तोंडच उघडेना. लीलाबेन तिच्या वर्गाच्या शिक्षिका होत्या. स्वभावाने प्रेमळ, पण साठ मुलींपुढे त्या तरी काय करणार? तीन महिने वाट पाहून त्यांनी भटूला बोलावले आणि सांगितले, की दिवाळीपर्यंत मुलगी बोलली नाही तर तिला पहिलीत बसवावे लागेल.

घरी येऊन भटू शकूजवळ बसला. तो रागावला नाही, त्याचाच चेहरा उतरला होता. "दिवाळीलोंग बोलनी नही ते तुले पह्यलीम्हा बसाडतीन, बेटा," तो म्हणाला. "आन तठे बी जमनं नही ते गावले मामाकडे धाडनं पडी."

मामाच्या गावी शाळाच नव्हती, आणि हे शकूला चांगले ठाऊक होते.

भाद्रपदाची पौर्णिमा आली. या परक्या गावात भुलाबाईची गाणी म्हणायला कोण येणार? शकूने आईला गळ घातली, मला घासूनपुसून लख्ख केले, माझ्यात फुटाणे भरले आणि मला शाळेत नेले. मधल्या सुट्टीत मुली गोल करून आपापले डबे उघडून बसल्या. शकूने मला गोलाच्या मधोमध ठेवले आणि हाताची घडी घालून ती वाट पाहत बसली.

कोणी मला हात लावीना. पन्ना नावाची एक धिटुकली मुलगी होती, तिने उघड म्हणून खूण केली. शकूने मान हलवली. पन्ना स्वतः उघडायला आली, तर शकूने झाकण दाबून धरले. झाले! नवी मुलगी कंजूष आहे, खायला आणते आणि दाखवून परत नेते, असे सगळ्यांचे ठरून गेले. मी ओरडून सांगणार होतो, पण डब्याला ओरडता कुठे येते? भरल्या पोटी मी घरी परत आलो. असे एक नाही, चार दिवस चालले. खाऊ परत नेण्याइतके वाईट मला आजवर कधी वाटले नव्हते.

पाचव्या दिवशी पन्नाला राग आला. तिने मला उचलले आणि रागारागाने कानाशी धरून खडखडा हलवले. तोच शकू ताडकन उभी राहिली. तिचे डोळे असे चमकले, की पन्ना घाबरून मला खाली ठेवायला निघाली. शकूने तिचा हात धरला आणि मला पुन्हा तिच्या कानाशी नेले. पन्ना हुशार होती. तिने थोडा विचार केला आणि 'चणा' म्हणाली. शकूने मान हलवली. आज माझ्यात फुटाणे नव्हतेच. मग पन्ना म्हणाली 'सिंग', म्हणजे आपले शेंगदाणे. शकूने पटकन झाकण उघडले आणि गूळ-शेंगदाण्याची पहिली मूठ पन्नाच्या हातावर ठेवली.

त्यानंतर काय विचारता! सुट्टीची घंटा झाली की मी या कानावरून त्या कानावर. नुसते हलवून भागेना, तेव्हा मुली प्रश्न विचारू लागल्या. गळ्युं छे? तीखुं छे? गोड आहे का, तिखट आहे का. तळलेले आहे का, पिठाचे आहे का. शकू मानेने हो किंवा नाही म्हणायची आणि खुदुखुदू हसायची. मला एवढा मान माहेरीही मिळाला नव्हता. एकच काळजी होती. शकू अजूनही एक अक्षर बोलत नव्हती आणि दिवाळी तर तोंडावर आली होती.

कोजागिरीला भुलाबाईची पाठवणी झाली आणि खेळ संपला. दुसऱ्या दिवशी शकूने माझ्यात साधी भाकरी घालून नेली. तिचे तोंड एवढेसे झाले होते. पण तो दिवस चांदनी पडव्याचा होता. त्या दिवशी सुरतेत घरोघरी घारी खातात. घारी म्हणजे माव्याची, वरून तुपाचा जाड थर दिलेली मिठाई. शकूला हे काहीच माहीत नव्हते.

सुट्टी होताच पन्नाने मला पळवले. माझ्यातली भाकरी काढून कोपऱ्यात जाऊन काहीतरी भरले आणि मला शकूपुढे ठेवले. आज ओळखायची पाळी शकूची होती. तिने मला कानाशी धरून हलवले. मी गप्प. पुन्हा हलवले. मित्रांनो, मी तरी काय करू? तुपाने थबथबलेली घारी माझ्या तळाला चिकटून बसली होती. साठ मुली हाताची घडी घालून, तोंड मिटून शकूकडे पाहत होत्या. अगदी तिच्याचसारख्या.

शकूने मला खाली ठेवले आणि ती म्हणाली, "गळ्युं छे?"

साठ माना एकदम हलल्या. हो.

"तळेलुं छे? दूधनुं छे? लोटनुं छे?" महिनाभर कानावर पडलेले सगळे प्रश्न एकामागून एक बाहेर येऊ लागले. ती एकदोनदा चुकली, मुली हसल्या, तीही हसली आणि पुन्हा विचारू लागली. पण नावच ठाऊक नसलेला पदार्थ ती ओळखणार कसा? शेवटी तिने दोन्ही हात वर केले. "हुं हारी गई," ती म्हणाली, "हवे खोलो ने." मी हरले, आता उघडा ना.

मुलींनी झाकण उघडले आणि घारीचा मोठा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. लीलाबेन कधीपासून दारात उभ्या होत्या. आत येऊन त्यांनीही आपला हात पुढे केला, आणि शकूने त्यावर घारी ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीआधी भटू शाळेत आला. बिचाऱ्याने मामाला पत्रसुद्धा लिहून ठेवले होते. लीलाबेन म्हणाल्या, "तुमची मुलगी वर्गात फार बोलते, भटूभाई. घरी जरा समजवा." भटूने कधी कोणाची तक्रार इतक्या आनंदाने ऐकून घेतली नसेल. बाहेर येऊन त्याने ते पत्र फाडले आणि शकूला खांद्यावर बसवून घरी आणले.

पुढे बाहत्तर साली घरात स्टीलचे डबे आले आणि मी माळ्यावर गेलो. आता माझ्यात बटणे आणि सुटी बक्कले असतात. कधीतरी चिंचेने घासले तर बरे वाटेल, पण माझा तेवढा हट्ट नाही. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या वर्गात कोणी परगावची मुलगी गप्प बसून असेल, तर ती मठ्ठ आहे किंवा शिष्ट आहे, असे चार दिवसांत ठरवून टाकू नका. तिच्या गावचा खेळ एकदा तिच्याकडून शिका आणि मग तुमच्या घरचा खाऊ तिला ओळखायला द्या. ती हरेल. हरू द्या, आणि पहिला घास तिलाच द्या.