कौसाबाईचा कान

“टीसी काढून द्या मॅडम! नातीले मी जिल्ह्याच्या कान्व्हेंटात टाकून राहिली.”

कापूस वेचायची ओटी कमरेला तशीच ठेवून कौसाबाई बोरगावपल्याडच्या त्या शाळेत येऊन धडकली. “पहिली वेचणी झाली, तरी गुलाबले क गिरवता येत नाई. नुसत्या टाळ्या वाजवून राहिली थे!”

गुलाबच्या वर्गशिक्षिका सुचिताबाईंना संताप आला, पण कौसाबाईचा नव्हे. दिवाळीपूर्वी पहिलीच्या प्रत्येक मुलाची मुळाक्षरे ‘पूर्ण’ करण्याचे फर्मान ज्या विद्वानांनी काढले होते, त्यांचा आला. शेजारच्या वर्गाने ते तंतोतंत पाळले होते. तिथली मुले ‘क कमळाचा’ असे छप्पर हादरेपर्यंत म्हणत; कापूस कोणत्या आवाजाने सुरू होतो, असे विचारताच छपराकडे पाहत. त्या वर्गाला साहेबांची शाबासकी मिळाली होती. इकडे गुलाब गेली, की तिच्या गल्लीतली सारी पोरे जाणार आणि वर्ग ओस पडणार.

“मावशी, त्या टाळ्यांनी आधी कान तयार करून राहिली मी. आवाज वेगळा ऐकू आला, म्हणजे त्याले अक्षर जोडाचं. जो ऐकूच आला नाई, त्याले जोडाचं काय?”

“कानानं कोनी वाचते का वो?”

“कोणत्या गावच्या कान्व्हेंटात टाकता?”

“सांगतलं ना, जिल्ह्याच्या.”

“गावाचं नाव?”

कौसाबाईने ओटीची गाठ उगाच आवळली. गुलाब खुदकन हसली. “आजी पांढुर्णा म्हनतच नाई! आजोबाचं नाव पांडुरंग हाय ना. पांढऱ्या गाईले धवळी म्हनते, पांघरुणाले वाकय.”

“आन् पाण्याले?” सुचिताबाईंनी विचारले.

“पानीच. त्याच्यात पां कुठी हाय?”

वर्ग खदखदला. कौसाबाईने नातीला डोळे वटारले, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलेच. “चाळीस वर्सं झाली, जिभेवर येऊ देल्लं नाई म्या.”

“म्हणजे कानानं आधी पकडलं, म्हणूनच ना?” सुचिताबाईंनी खडू उचलला. “गुलाब, आता पाह्य. तुह्या आजीनं टाळलेला आवाज असा दिसते.” आणि फळ्यावर त्यांनी ठळक ‘पां’ काढले.

कौसाबाई फळ्याजवळ गेली. डोक्यावरचा पदर तिने नकळत पुढे ओढला, जसा नवरा घरात आल्यावर ओढत असे.

“इतलुसंच हाय का थे?”

“इतलंच.”

गुलाबने बोटाने ते हवेत गिरवले. आजीची नजर त्या बोटामागे फिरली.

“पोरीले राहू द्या इथंच,” ती शेवटी म्हणाली. “आन् मॅडम, आजच्या दिवस थे पुसू नोका.”

मग ओटी सावरत ती वावराकडे निघाली.