हाकेनंतर चार सेकंद

“आता खालची ओळ वाचा,” डोळ्यांच्या दवाखान्यातली मुलगी म्हणाली, आणि अर्डिसने भिंतीवरची अक्षरं वाचली. एकेक, सुटंसुटं, कसलीही घाई नसलेल्या आवाजात. त्यातली निम्मी चुकली होती, पण मुलीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती हातातलं बटण तसंच धरून अर्डिसच्या तोंडाकडे पाहत राहिली.

“मॅडम, एक विचारू? रागावू नका हं. ‘चला, पुन्हा एकदा मोजूया’ असं म्हणून दाखवता?”

“का गं?”

“म्हणा तर!”

अर्डिसने म्हणून दाखवलं. मुलगी दोन पावलं मागे सरली आणि तिची पाठ कपाटाला लागली. छातीवरच्या पट्टीवर तिचं नाव हिबो असं लिहिलं होतं. डोक्याला जांभळा रुमाल, वय वीस-बावीस. “तुम्ही मिस फर्न आहात,” ती म्हणाली. “या अल्ला. तुम्ही खऱ्याखुऱ्या आहात!”

मी कोपऱ्यात मांडीवर कोट घेऊन बसलो होतो. मोतीबिंदूमुळे अर्डिस क्वामला गाडी चालवायची मनाई झाली, तेव्हापासून तिचा सारथी मी. सव्वीस वर्षं ती शाळेच्या कचेरीत होती आणि मी त्याच शाळेत झाडलोट, बॉयलर आणि तुंबलेली मोरी असं सगळं पाहत होतो. माझा तिच्यावर जीव आहे, हे तिलाही ठाऊक आहे. आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही, आता सत्तरी उलटल्यावर काय काढणार.

तर मिस फर्न. अर्डिस रोज सकाळी शाळेच्या ध्वनिक्षेपकावर सूचना वाचायची. तो आवाज ऐकून मुलांसाठी संगणकावरच्या गणिताच्या खेळाची तबकडी करणारे दोघेजण तिला शोधत आले. त्र्याण्णव साल. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या लोणी कारखान्यात त्यांनी एक खोली जुन्या गालिच्यांनी मढवली होती. हिरवा स्वेटर घातलेली, मोठ्या डोळ्यांची मिस फर्न पडद्यावर बेरजा शिकवणार आणि मुलाला नावाने हाक मारणार. त्यासाठी आसपासच्या शाळांच्या पटावरची तीनशे बारा नावं अर्डिसने एकेक करून म्हटली. बसचे थांबे वाचतात तशी सपाट म्हणायची, असं बजावलं होतं, म्हणजे तेच नाव ‘शाब्बास’च्या पुढेही बसेल आणि ‘चुकलं’च्या मागेही. त्या नावांत तिच्या मुलीचंही नाव होतं. मॅरिट.

“कुणीतरी त्याचा नवा खेळ केलाय मॅडम, ‘हजेरी’ म्हणून,” हिबो सांगत होती. “भीतीचा. शाळा तीच, चित्रं तीच बावळट, पण आत कोणी नसतं. आधी त्या जुन्या नावांतलं एक टाकायचं, मग मिस फर्न त्या नावाने हजेरी घेते. ‘हजर’ म्हणालात तर तुम्ही कुठे लपलाय ते तिला कळतं, आणि गप्प बसलात तर एक दार गायब होतं. मी उशी तोंडावर धरून खेळते! आणि ते एक नाव आहे ना, मॅरिट, ते टाकलं तर तिचा आवाजच बदलतो. अंगावर काटा येतो. सगळे मुद्दाम टाकून बघतात, कारण...”

“कोणतं नाव म्हणालीस?” अर्डिसने विचारलं.

“मॅरिट.”

अर्डिस उठली आणि कोटाची बाही शोधू लागली. बाही समोर होती, तिला सापडेना. मी धरून दिली. हिबो बिचारी काहीतरी पुढे सांगत मागे आली, पण आम्ही दाराबाहेर पडलो होतो.

गाडीत ती म्हणाली, “मर्ल, माझ्या आवाजाने पोरं घाबरतात, घाबरू देत. मी कचेरीत असतानाही घाबरायची. पण तिच्या नावाची मजा करायची नाही कुणी. ते नाव काढायला लावायचं.”

मॅरिट चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये गेली, अकराव्या वर्षी. जत्रेच्या मैदानामागच्या तळ्यावर घसरबूट घालून गेली होती, आणि मार्चचं बर्फ किती कच्चं असतं ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, मुलांना सोडून. आम्ही पंचवीस-तीस माणसं शिड्या आणि दोर घेऊन काठावर होतो. अर्डिस तिच्या नावाने हाक मारायची, मग ऐकायला थांबायची, मग पुन्हा हाक. ती थांबली की आम्हीही हातातलं काम थांबवायचो. तसं कोणी सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये ती तबकडी शाळेत आली. संगणकाची खोली कचेरीला लागूनच होती. मी कचेरीत हीटर दुरुस्त करत गुडघ्यांवर बसलो होतो, आणि भिंतीपलीकडून अर्डिसचा आवाज आला. “मॅरिट?” मग शांतता. मग पुन्हा, “मॅरिट?” अर्डिस माझ्यासमोर तोंड मिटून बसलेली होती. हातात गैरहजर मुलांच्या चिठ्ठ्या, आणि हात हवेत तसाच. तो आवाज तळ्याच्या काठावरचाच होता, अगदी तसाच थांबत होता, आणि तो तर मुलगी जाण्याच्या आधी भरलेला. मला आजही त्याचा अर्थ लावता येत नाही आणि लावावासाही वाटत नाही.

मी धावत जाऊन तारच उपटली. मॅरिटची मैत्रीण त्या यंत्रासमोर बसली होती. “हे नाव का टाकलंस?” मी खेकसलो. ती म्हणाली, “तिलापण घ्यायचं होतं.” मी परत आलो तेव्हा अर्डिसने ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं होतं आणि ती दुपारच्या जेवणात काय आहे ते वाचत होती. बटाट्याचे गोळे लावून भट्टीत भाजलेला हॉटडिश, वाटाणे, दूध. शेवटपर्यंत वाचलं. त्या तबकड्या मी कपाटात कोंबल्या आणि आमच्यात तो विषयही पुढे कधी निघाला नाही.

हिबोनेच दोन दिवसांनी खेळ करणाऱ्या बाईचा पत्ता काढून फोनवर दिला. लिनेआ स्ट्रँड, मिनिआपोलिस, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. शनिवारी सकाळी आम्ही निघालो. अर्डिसच्या मांडीवर खजुराच्या वड्यांचा डबा होता. ही बाई भांडायला जातानाही रिकाम्या हाताने जात नाही.

लिनेआ पस्तिशीची, केस कसेतरी बांधलेले, घरभर जुने संगणक. मला वाटलं होतं एखादी उर्मट पोरगी असेल. तिने दार उघडलं, अर्डिस “मी मिसेस क्वाम” एवढंच म्हणाली, आणि त्या पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“मी तुम्हाला किती शोधलं. तबकडीच्या खोक्यावर तुमचं नावच नव्हतं छापलेलं.”

“मला रडारड नकोय,” अर्डिस म्हणाली. “एक नाव काढून टाकायचंय. मॅरिट. ती माझी मुलगी. ती नाहीये आता.”

लिनेआने दारातून बाजूला होऊन आम्हाला आत घेतलं. “मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ. आजच काढते, तुमच्यासमोर.”

“आधी मला दाखव काय करतेस तू तिचं.”

मी म्हटलं, “अर्डिस, कशाला?” पण ती खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसलीसुद्धा.

लिनेआने आधी टॉड नावाने खेळून दाखवलं. पिवळ्या भिंतींचा लांब व्हरांडा, तपकिरी गालिचा, खडूने रंगवल्यासारखी दारं, वर घूं घूं करणाऱ्या दिव्यांच्या नळ्या. आमच्याच शाळेचा व्हरांडा वाटला मला, मी पुसलेला. अगदी टोकाला हिरवा स्वेटर. “टॉड,” अर्डिसचा आवाज म्हणाला, सपाट. लिनेआने ‘हजर’चं बटण दाबलं. मिस फर्न चालताना दिसली नाही, नुसती एका दाराने जवळ आलेली होती. “टॉड.” आणखी एका दाराने जवळ. तिच्या चेहऱ्यावर तेच तबकडीवरचं हसू, फक्त डोळे पडद्याबाहेर पाहत होते. तिसऱ्या हाकेला सगळा पडदा तिच्या तोंडाने भरला आणि माझी कॉफी गालिच्यावर सांडली. अर्डिस हलली नाही.

“आता ते टाक.”

लिनेआने मॅरिट टाकलं.

“मॅरिट?”

सपाट नाही. जेवायला बोलावताना, अंगणाच्या टोकापर्यंत पोचेल अशी, शेवटी जरा वर जाणारी हाक. मग काहीच नाही. वरच्या नळ्यांचं घूं घूंसुद्धा बंद. हिरवा स्वेटर टोकाला तसाच उभा. मग पुन्हा, “मॅरिट?” पुन्हा तेवढीच शांतता. मी दोनदा ऐकलेली गोष्ट तिसऱ्यांदा ऐकत होतो.

“ती जवळ का येत नाहीये?” अर्डिसने विचारलं.

“चूक आहे, माझी,” लिनेआ म्हणाली. “बाकी सगळी नावं एकेक सेकंदाची आहेत. हे एकच पाच सेकंदांचं. एक सेकंद हाक आणि पुढे चार सेकंद काहीच नाही, तेव्हा कुणी कापलंच नव्हतं. मी असं ठरवलंय की आधी हाक संपायची, मग तिनं पुढे सरकायचं. पण ही संपते तोवर पुढची हाक मारायची वेळ होते. त्यामुळे ती तिथेच राहते, हाक मारत. पुढच्या महिन्यात खेळाची नवी आवृत्ती निघतेय, तिच्यात दुरुस्त करणारच होते. आता नावच काढते.”

“काढ.”

“काढते.” तिचा हात पुढे झाला नाही. “त्याआधी एक वाचाल? खेळणाऱ्यांची पत्रं येतात.”

अर्डिसला वाचता येत नव्हतं, म्हणून मी चष्मा लावला. पहिलं कुठल्यातरी बाईचं होतं. तिचा लहान भाऊ खेळाला घाबरतो, पण सगळे खेळतात म्हणून त्यालाही खेळायचं असतं. तो मॅरिट होऊन खेळतो, कारण मॅरिटला ती काही करत नाही. दुसरं एका पोरीचं, स्पेलिंग सगळी चुकलेली. आमच्या वर्गात ज्याला भीती वाटते तो मॅरिट होतो, आम्ही त्याला चिडवत नाही. तिसऱ्यात एवढंच होतं: मॅरिट कोण होती? मिस फर्नला तीच आवडते का?

तिसरं वाचून झाल्यावर मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

“अशी खूप आहेत,” लिनेआ हळूच म्हणाली. “शेकड्यांनी.”

मागे हाक चालूच होती. अर्डिस म्हणाली, “आवाज वाढव. हाकेचा नाही, मधल्याचा.”

“त्यात काही नाहीये, मिसेस क्वाम. मी कान लावून ऐकलंय. रिकामी खोली आहे नुसती.”

“रिकामी नाहीये.”

लिनेआने आवाज वाढवला. खोलीभर एक मऊ खरखर पसरली. अर्डिसने डोळे मिटले.

“शाळेला सुट्टी होती म्हणून तिला त्या कारखान्यात बरोबर नेलं होतं,” ती म्हणाली. “काचेपलीकडे बसवली होती. सकाळी शिंकली आणि आमची दहा नावं वाया गेली, म्हणून मी दम दिला, आता अजिबात आवाज करायचा नाही. मग नावं म्हणत म्हणत तिच्या नावावर आले आणि यादी वाचतेय हेच विसरले. घरी मारते तशी हाक मारली आणि ‘ओ’ यायची वाट बघत बसले. आता ती ‘ओ’ कशी देणार? तिने हात वर केला. वर्गात करतात तसा, पूर्ण सरळ, लाल हातमोजा घातलेला. मी तिच्याकडे बघत राहिले, तिने खाली घेईपर्यंत. हसत होती मेली.” तिने पडद्याकडे बोट केलं. “ते हे आहे.”

मी खिडकीकडे पाहत राहिलो. तीस वर्षं मी या बाईला ओळखतो असं समजत होतो.

“म्हणजे... ठेवू?” लिनेआने विचारलं.

“ते ‘हजर’चं बटण कुठलं?”

लिनेआने तिचं बोट धरून नेमकं त्यावर ठेवलं. “मॅरिट?” हाक आली. अर्डिसचं बोट बटणावर टेकलेलं होतं. खरखर चालू होती. एक, दोन, तीन, चार. तिने दाबलं नाही. तिने हात उचलून मांडीवर घेतला.

“नको. आवाज करू नकोस म्हणून मीच सांगितलंय तिला.”

मग ती उठली आणि या वेळी बाही तिला बरोबर सापडली. “ती चूक दुरुस्त करू नकोस,” तिने लिनेआला बजावलं, कचेरीतल्या आवाजात. “आणि वड्या मऊ आहेत तोवर खा.”

आम्ही जिन्यात आलो. लिनेआ दार लावायचं विसरली असावी, किंवा खेळ बंद करायचं. वरून हाक ऐकू येत होती, मग थांबायची, मग पुन्हा. अर्डिस कठडा धरून उतरत होती. हाक थांबली की तीही पायरीवर थांबायची. मी तिच्याखाली एक पायरी सोडून उभा होतो, आणि ती थांबली की मीही थांबत होतो.